गळवाची जखम : बोळा नको, वात हवी

(रायगड किनाऱ्यावरील पशुपालकांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय तसा लहान वाटेल. जनावराला गळू झाले, ते डॉक्टरांनी फोडले, पू निघाला, जनावर मोकळे झाले. मग बोलण्यासारखे काय उरले? परंतु गळू फोडण्याचे काम पंधरा मिनिटांत संपते आणि त्यानंतरची जखम आठ-पंधरा दिवस तुमच्याच हाती असते. जनावर बरे होणार की महिनाभर पू वाहत राहणार, हे बहुतेक वेळा त्या पंधरा मिनिटांत ठरत नाही. नंतरच्या पंधरा दिवसांत ठरते. डॉक्टर रोज तुमच्या गोठ्यात येऊ शकत नाहीत. म्हणून फोडलेल्या गळवाच्या पोकळीत काय ठेवावे, किती ठेवावे आणि केव्हा काढावे, एवढ्याच गोष्टीवर आज मी बोलणार आहे.

आपल्या अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात हा प्रश्न पावसाळ्यात अधिक येतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा हा भाग. उन्हाळाभर बसून असलेले बैल आणि रेडे पहिल्या पावसाबरोबर एकदम नांगराला आणि चिखलणीला जुंपले जातात. मानेची कातडी पावसाने भिजून मऊ पडलेली असते, जू ओले आणि खरखरीत झालेले असते, जोडीतला एक उंच आणि एक ठेंगणा असतो. खांदा सुजतो, त्याकडे दुर्लक्ष होते आणि काही जनावरांत त्या सुजेचे गळू होते. आवणीचे आठ-दहा दिवस हातचे गेले की त्या शेतकऱ्याचा हंगामच मागे पडतो. पॉवर टिलर आले असले तरी लहान खाचरांत आणि उताराच्या शेतात अजून बैलावाचून भागत नाही. याशिवाय कुंपणाच्या तारेने, बाभळीच्या काट्याने, शिंगाच्या माराने आणि अस्वच्छ सुईने टोचलेल्या इंजेक्शननेही गळवे होतात.

प्रथम सूज ओळखा

प्रत्येक सूज म्हणजे गळू नव्हे. गळवाची सूज सुरुवातीला गरम, घट्ट आणि दुखरी असते. काही दिवसांनी तिचा एक भाग मऊ पडतो, तेथील केस गळतात आणि दोन बोटांनी आळीपाळीने दाबले असता आत पातळ पदार्थ हलल्यासारखे वाटते. यालाच आपण गळू पिकले असे म्हणतो. पिकण्यापूर्वी चीर दिली तर पू थोडा आणि रक्त फार, अशी गत होते.

खालील सुजांना मात्र कधीही हात लावू नये.

१) बेंबीजवळची किंवा कुशीवरची मऊ सूज, जी दाबली असता आत जाते. हा अंतर्गळ असू शकतो. त्यात आतडे असते. तेथे चीर दिली तर जनावर गमवावे लागते.

२) शिंगाचा किंवा लाथेचा मार बसून एकाच दिवसात आलेली सूज. यात साकळलेले रक्त असते. ते ताजे असताना फोडले तर रक्तस्राव थांबत नाही.

३) पावसाळ्यात तीव्र तापाबरोबर गळ्याखाली आलेली सूज, किंवा मांडी अथवा फऱ्यावरील दाबल्यावर करकर वाजणारी सूज. पहिली घटसर्पाची आणि दुसरी फऱ्या रोगाची असू शकते. यात तास मोजावे लागतात. ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.

४) जबड्याच्या हाडाला चिकटलेली दगडासारखी घट्ट गाठ, तसेच खांद्यावरची जुनी, कठीण, न दुखणारी गाठ.  यांचा उपचार निराळा आहे.

५) शेळीच्या कानाखाली किंवा जबड्याखाली येणारी गाठ, जिच्यातून दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट पू निघतो. हा रोग कळपात पसरतो. तो पू गोठ्यात सांडू देऊ नये आणि ती शेळी वेगळी बांधावी.

शंका असेल तेव्हा डॉक्टर जाड सुई घालून आत काय आहे ते पाहतात आणि मगच चीर देतात. मानेत मोठी शीर असते, जबड्यामागे लाळेची ग्रंथी असते, कासेच्या पुढे दुधाची शीर असते. म्हणून घरच्या सुरीने किंवा दाढीच्या पात्याने गळू फोडण्याचे धाडस करू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे, किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी संपर्क साधावा.

आत काही भरायचे ते कशासाठी?

गाय, बैल, म्हैस यांची कातडी जाड असते. चीर दिल्यावर वरचे तोंड दोन-तीन दिवसांत आक्रसून बंद होऊ लागते. आतली पोकळी मात्र अजून रिकामी असते. तोंड मिटले की आत पुन्हा पू साठतो आणि गळू पुन्हा उभे राहते. चांगली जखम तळापासून वर भरत यावी लागते, जशी विहीर झऱ्याने तळाकडून भरते तशी. आत ठेवलेल्या कापडाच्या पट्टीचे मुख्य काम एवढेच की पोकळी भरून येईपर्यंत तोंड उघडे ठेवणे आणि पू बाहेर येण्यास वाट देणे. औषध हे त्यानंतरचे.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की कोणता पदार्थ चांगला आणि कोणता वाईट हे तुम्हालाच ठरवता येईल. समईतली वात तेल वर ओढते, तशी जखमेतली वात पू बाहेर ओढते. बाटलीचा बूच मात्र आतले आतच कोंडतो. म्हणून जखमेत वात घालावी, बोळा कोंबू नये.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. सुश्रुतसंहितेत जखमेत ठेवायच्या औषधी वातीला 'विकेशिका' असे नाव आहे आणि ती फार स्निग्ध नसावी, फार कोरडीही नसावी, असे सांगितले आहे. आजचा शल्यचिकित्सक यापेक्षा फार वेगळे सांगत नाही.

निरनिराळ्या पदार्थांची तुलना

आता गोठ्यात आणि दवाखान्यात जे जे वापरले जाते ते एकेक करून पाहू.

*गॉझची पट्टी :* औषधाच्या दुकानात मिळणारी, विरळ विणीची सुती पट्टी सर्वांत सोयीची. ती पू शोषते, ओढली की अखंड बाहेर येते. घडी केल्यावर कापलेली कड आतल्या बाजूस जाईल असे पाहावे, म्हणजे सुटे धागे जखमेत राहणार नाहीत.

*घरचे जुने सुती कापड :* स्वच्छ धुतलेले धोतर किंवा लुगडे यांची दोन बोटे रुंद आणि हातभर लांब पट्टी वीस मिनिटे पाण्यात उकळून, पिळून, कडक उन्हात वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवली तर ती गॉझच्या जवळपास काम देते. पावसाळ्यात ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवून वाळवावी. नायलॉन, टेरिलीन किंवा मिश्र धाग्याचे कापड घेऊ नये. ते पू शोषत नाही.

*कापूस :* कापसाने जखमेच्या भोवतीची कातडी पुसावी, पण तो पोकळीत ठेवू नये. त्याचे तंतू सुटून ओल्या मांसाला चिकटतात आणि तेथेच राहतात. शिवाय भिजलेला कापूस घट्ट गोळा होऊन तोंड बंद करतो. बूच होतो तो हाच.

*टिंक्चर आयोडीनमध्ये भिजवलेली पट्टी :* गळवाच्या आतून एक जाडसर अस्तर तयार झालेले असते. ते नाहीसे करण्यासाठी पहिल्या दिवशी डॉक्टर अशी पट्टी ठेवतात. पहिल्या चोवीस तासांपुरती ती उपयुक्त आहे. परंतु पुढे कोवळे लाल मांस दिसू लागल्यावरही रोज टिंक्चर ओतत राहिले, तर जंतूंबरोबर नवे मांसही जळते आणि जखम जेथल्या तेथे राहते. 'झोंबते म्हणजे गुण येतो' ही समजूत सोडून द्यावी.

*पोव्हिडोन आयोडीन :* हे टिंक्चरपेक्षा सौम्य. बाजारातील ५ टक्क्यांचे द्रावण एक भाग आणि उकळून थंड केलेले पाणी नऊ भाग घेतले की कोऱ्या चहाच्या रंगाचे द्रावण होते. पोकळी धुण्यास आणि वात भिजवण्यास हे पुरेसे आहे. मलमाच्या स्वरूपातही मिळते. वातीला पातळसा हात द्यावा, लिंपू नये. पोकळी मोठी असेल तर आयोडीनचे औषध किती दिवस वापरायचे हे डॉक्टरांना विचारावे, कारण ते अंगात शोषले जाते आणि दुधातही उतरते.

*मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीन :* या दोहोंचा लगदा सूज आणि पाणी ओढून घेतो. तळाशी सडका भाग असेल, भोवताली सूज असेल, तर पहिल्या तीन-चार दिवसांत याचा फायदा होतो. दवाखान्यातून तयार करून घ्यावा. जखम लाल आणि स्वच्छ झाली की याची गरज संपते.

*आयोडोफॉर्मची पिवळी पट्टी :* हिला उग्र वास असतो आणि ती लवकर कुजत नाही. लहान, खोल पोकळीत ती चांगली. पण मोठ्या पोकळीत हात-हातभर भरू नये. आयोडोफॉर्म शरीरात शोषले जाऊन विषबाधा होऊ शकते.

*रबरी पट्टी किंवा नळी :* जखमेचा मार्ग लांब आणि वळणाचा असेल तर डॉक्टर खालच्या बाजूस दुसरे छिद्र पाडून पातळ रबरी पट्टी आरपार ठेवतात आणि टाक्याने पक्की करतात. ती रोज बदलावी लागत नाही. फक्त दोन्ही टोके स्वच्छ ठेवावी आणि जनावर ती चाटणार किंवा खांबाला घासणार नाही, हे पाहावे. काढण्याचा दिवस डॉक्टर सांगतील तोच पाळावा.

*साखर आणि मध :* दोन्ही पाणी ओढून घेतात आणि त्यामुळे जंतू वाढत नाहीत. माणसांच्या जखमांवर रुग्णालयांत त्यांचा वापर झालेला आहे आणि तो निराधार नाही. परंतु तेथे वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो. बाजारातील किंवा पोळ्यातला मध तसा नसतो. शिवाय पुवाने साखर विरघळली की तिचा गुण संपतो, दिवसातून दोनदा ती बदलावी लागते आणि गोठ्यात मुंग्या व माश्यांना आमंत्रण मिळते. म्हणून खोल गळवात हा उपाय मी सुचवत नाही.

*हळद :* हळदीत गुण आहे, पण कोरडी भुकटी पोकळीत भरली की पुवात भिजून तिचा चिखल होतो आणि तोच तोंडाशी बसतो. बाजारच्या हळदीत भेसळही असते. हळद घालून कढवलेले खोबरेल तेल जखमेच्या कडेने लावावे, पोकळीत भुकटी भरू नये.

*राख, शेण, चुना, माती, रॉकेल :* हे मुळीच वापरू नयेत. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. हवा न लागणारी खोल जखम त्यांना मानवते. गाई-म्हशींपेक्षा घोडे, शेळ्या, मेंढ्यांना धनुर्वात लवकर होतो. चुन्याने व रॉकेलने मांस भाजते.

*समुद्राचे पाणी :* आपल्याकडे जनावर खाडीत किंवा समुद्रात घालून जखम धुण्याची पद्धत आहे. मिठाच्या पाण्याने जखम धुणे चांगले, हे खरे. पण ते मीठपाणी लिटरला ९ ग्रॅम मिठाचे असते आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळजवळ चौपट. त्यात खाडीचा गाळ आणि जंतू आलेच. उघडी पोकळी घेऊन जनावर समुद्रात उतरवू नये. घरीच एक लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ घालून, कोमट करून वापरावे.

*काहीच न भरणे :* हाही एक पर्याय आहे आणि अलीकडे त्याकडे डॉक्टरांचे लक्ष गेले आहे. माणसांच्या लहान गळवांवर झालेल्या अभ्यासांत, आत पट्टी भरली नाही तरी गळू तितकेच बरे होते आणि दुखणे कमी राहते, असे दिसून आले. ब्रिटनमध्ये गुदद्वाराजवळच्या गळवांच्या चारशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता. जनावरांतही गळू लिंबाएवढे असेल, चीर पुरेशी मोठी असेल आणि ती सर्वांत खालच्या जागी असेल, तर पू आपोआप ओघळतो. तेथे रोज धुणे पुरते. मात्र पोकळी मुठीएवढी किंवा त्याहून मोठी, खोल, किंवा खांद्यासारख्या वरच्या भागात असेल, तर जनावराच्या जाड कातडीचा विचार करून वात ठेवणेच शहाणपणाचे.

वात घालण्याची रीत

काम सुरू करण्यापूर्वी जनावर नीट बांधून घ्यावे. नखे कापून हात साबणाने धुवावेत आणि हातमोजे घालावेत. हातमोजे नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवावी. काही गळवांतील जंतूंपासून माणसालाही रोग होऊ शकतात, म्हणून उघड्या हाताने पू काढू नये.

१) जुनी वात हलकेच ओढून काढावी. चिकटली असेल तर कोमट मीठपाणी सोडून भिजू द्यावी, हिसडा देऊ नये.

२) पिचकारीने किंवा सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट मीठपाणी आत सोडून पोकळी धुवावी. बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवावे. हायड्रोजन पेरॉक्साइड डॉक्टरांनी सांगितले तरच वापरावे आणि अरुंद तोंडाच्या खोल जखमेत जोराने मारू नये.

३) एकच लांब पट्टी घ्यावी. तुकडे तुकडे भरू नयेत. पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावणात भिजवून ती पिळून घ्यावी.

४) उकळलेल्या बोथट चिमट्याने पट्टीचे टोक तळापर्यंत न्यावे आणि सैल घड्या घालत वर यावे. पोकळीची भिंत सगळीकडे पट्टीला टेकली पाहिजे, परंतु पट्टीच्या बाजूने करंगळीचे टोक शिरेल इतकी ती सैल असावी.

५) पट्टीचे चार बोटे टोक बाहेर ठेवावे. ते आत सरकू नये म्हणून त्याला गाठ मारावी.

घट्ट भरण्याची वेळ एकच असते. चीर दिल्यावर फार रक्त येत असेल तर डॉक्टर पोकळी दाबून भरतात. पण ते रक्त थांबवण्यासाठी असते आणि दुसऱ्या दिवशी ते काढायचे असते. तोच प्रकार पुढे रोज केला तर दाबाने नवे मांस मरते आणि पू मागे सरकून नवी वाट शोधतो.

पहिले चार-पाच दिवस वात रोज बदलावी. पू फार असेल तर दिवसातून दोनदा. काढलेल्या पट्ट्या उकिरड्यावर टाकू नयेत, कुत्री ओढून नेतात. त्या जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात.

वातीची लांबी काय सांगते?

वात घालताना आणखी एक सोपी गोष्ट करावी. रोज किती लांब पट्टी आत गेली ते वीतभर, दीड वीत असे मोजून गोठ्याच्या खांबावर कोळशाने लिहावे. आजची वात कालच्यापेक्षा आखूड झाली पाहिजे. तशी होत असेल, पू पातळ आणि कमी होत असेल, आत लाल, ओलसर, दाणेदार मांस दिसत असेल, तर जखम सुधारत आहे. पोकळी बोटाच्या पेराइतकी उथळ झाली की वात बंद करावी. त्यानंतरही वात ठेवत राहिलो तर वातच जखमेला भरू देत नाही.

उलट, सलग तीन-चार दिवस वात तेवढीच लांब जात असेल आणि घाण वास येत असेल, तर आत काहीतरी राहिले आहे असे समजावे. तो काटा असेल, लाकडाची ढलपी असेल, हाडाचा तुकडा असेल किंवा पूर्वी घातलेल्या पट्टीचाच विसरलेला तुकडा असेल. अशा जखमेचा पुढे नासूर होतो. वरून मलम बदलून उपयोग नाही. जनावर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. एकच पट्टी वापरा आणि टोक बाहेर ठेवा, असे मी म्हणालो ते यासाठीच. खांबावरची नोंद डॉक्टरांनाही फार उपयोगी पडते.

माश्या आणि अळ्या

किनाऱ्यावर मासळी वाळवण्याचे दिवस असोत की पावसाळा असो, माश्यांना तोटा नाही. जखमेच्या कडेला माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि त्या आत शिरून जिवंत मांस खातात. म्हणून जखमेच्या भोवती, आत नव्हे, करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल रोज लावावे. वरून सैल गॉझ ठेवावे. अळ्या पडल्याच तर कापूर घातलेले खोबरेल तेल किंवा टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ तोंडाशी धरावा. अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकेक काढाव्यात. नंतर पोकळी धुवून नेहमीची वात ठेवावी. टर्पेंटाइन आत ठेवून देऊ नये. अळ्या फार असतील तर इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्यावे.

वेदनाशामक आणि प्रतिजैविक

गळवाचा पू काढून टाकणे हाच मुख्य उपचार आहे. प्रतिजैविकाची गरज प्रत्येक वेळी नसते. ताप असेल, सूज पसरत असेल तर डॉक्टर ते देतात. ते दिल्यावर दूध किती दिवस वापरायचे नाही हे विचारून घ्यावे आणि पाळावे.

वेदनाशामकाबाबत रायगडकरांनी विशेष काळजी घ्यावी. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले तर गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. म्हणून जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. त्याच कारणाने २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. आपल्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात गिधाडे राहतात. माणसांसाठीची इंजेक्शने आणून जनावरांना टोचू नयेत. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध उपलब्ध आहे. डॉक्टरांकडे तेच मागावे.

जू आणि शर्यत

खांद्यावरची जखम वरून बुजली म्हणजे बैल कामाला तयार झाला असे नाही. नवी कातडी पातळ असते. ती जाड होऊन तीवर केस येऊ लागेपर्यंत जू ठेवू नये. नाहीतर आठ दिवसांत तेथेच पुन्हा गळू होते. जू गुळगुळीत तासावे, मानेच्या भागावर मऊ गादी बांधावी, जोडी सारख्या उंचीची लावावी आणि उन्हाळाभर बसलेल्या जनावराला पहिले काही दिवस थोडेच काम द्यावे.

अलिबागकडील किनाऱ्यावर शर्यतीचा शौक आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यत सुरू झाली म्हणून जखमी बैल पळवण्याची मुभा मिळाली असे मात्र नाही. जखम असलेल्या आणि कामास अयोग्य अशा जनावराला कामाला लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, भरत आलेली जखम एका शर्यतीत उसवते आणि पुढची सारी शेती त्या बैलावाचून करावी लागते.

आपल्या स्वतःच्या गळवाबाबत

जाता जाता एक सूचना. जनावराच्या जखमेची ही माहिती स्वतःच्या अंगावर चालवून पाहू नये. आवणीत पायाला काटा लागून किंवा माशाचा काटा हातात मोडून गळू झाले तर सरकारी दवाखान्यात जावे. तळहात, बोटे आणि चेहरा येथील गळू दाबू नये. मधुमेह असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. धनुर्वाताची लस घेतली आहे की नाही ते डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरांनी आत पट्टी ठेवली नाही तर उपचार अपुरा झाला असे समजू नये. लहान गळवाला ती लागतेच असे नाही, हे आपण आता पाहिलेच.

बंधू-भगिनींनो, एवढ्या साऱ्या पदार्थांची तुलना केल्यावर निष्कर्ष साधा निघतो. उकळलेली सुती पट्टी, पातळ पोव्हिडोन आयोडीन आणि कोमट मीठपाणी, यांपेक्षा अधिक खर्चाची गरज बहुतेक गळवांना नाही. चीर डॉक्टरांनी द्यावी. वात तुम्ही सैल घालावी, रोज बदलावी, दिवसेंदिवस आखूड करावी आणि वेळ झाली की बंद करावी. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच अशा दहा-बारा पट्ट्या उकळून, वाळवून एका डब्यात भरून गोठ्याबाहेर कोरड्या जागी ठेवा. बियाण्याची आणि खताची तजवीज आपण आधी करतो, तशीच ही एक तजवीज आहे.